एकांकिकेसाठी विहीर हवी आहे (आणि साउंड डिझाइन शिकायचं कुठून?)

नवशिका_कान | 4 जुलै, रात्री 11.52

नमस्कार मंडळी. वर्षभर वाचनमात्र आहे, धागा पहिल्यांदाच काढतोय. चुकीच्या विभागात पडला असेल तर हलवा.

मी पुण्यात इंजिनियरिंगच्या दुसऱ्या वर्षाला आहे. गेल्या वर्षी कॉलेजच्या एकांकिकेत सेट उचलायला होतो. यंदा "तुझा लॅपटॉप बरा आहे, म्युझिक तू बघ" एवढ्या पात्रतेवर ध्वनीची बाजू माझ्याकडे आली. खोटं कशाला बोलू, मला ती हवीच होती.

एकांकिका दुष्काळी गावातली आहे. चार प्रवेश, चार उन्हाळे. स्टेजच्या मधोमध विहीर, म्हणजे थर्माकोलचा काठ आणि मागे काळा कपडा. दरवर्षी पाणी खाली जातं. दिग्दर्शिका म्हणते, पाणी दिसणार नाहीच, ते खाली गेलेलं ऐकू आलं पाहिजे.

मी आत्तापर्यंत काय केलं: चाळीस हर्ट्झचा एक ड्रोन (सलग घुमत राहणारा खोल सूर) बनवला, तो प्रवेशागणिक वाढत जातो. फुकटच्या लायब्ररीतून पोहरा पाण्यात पडल्याचा आवाज आणि 'खेड्यातली रात्र' उचलली. विहिरीवर मोठ्ठा रिव्हर्ब (घुमारा) लावला. हेडफोनवर ऐकताना माझ्याच पोटात गोळा येत होता. परवा तालमीच्या हॉलवर लावलं, तर ड्रोन गायब. दिग्दर्शिका दोन मिनिटांनी म्हणाली, "अरे, लावलंस का?" लावून दोन मिनिटं झाली होती.

तर प्रश्न असे, की सॉफ्टवेअर कुठलं चांगलं, प्लगइन (सॉफ्टवेअरला जोडायचे छोटे प्रोग्रॅम) कुठले घ्यावेत आणि एखादा कोर्स आहे का. प्रयोगाला पाच आठवडे आहेत.

तिसरी_घंटा | 5 जुलै, सकाळी 7.15

लावलंस का, हा प्रश्न मी आयुष्यात शंभर वेळा ऐकलाय. वाईट वाटून घेऊ नकोस.

हॉलवरच्या खोक्यांकडून चाळीस हर्ट्झची अपेक्षा धरू नये. आठ-दहा इंची स्पीकर साठ-सत्तरच्या खाली जेमतेम पुटपुटतात. शिवाय बऱ्याच हॉलमध्ये डावं-उजवं एकत्र करून मोनोच लावलेलं असतं. ड्रोन 'रुंद' करायला एखादं वायडनर लावलंयस का? त्यातले काही एका बाजूची फेज उलटी करतात, म्हणजे एकीकडे लहर वर तेव्हा दुसरीकडे खाली. हेडफोनवर छान पसरतं आणि मोनोत दोन्ही बाजू एकमेकींना खाऊन टाकतात. घरी मोनोचं बटण दाबून ऐक, जे उरेल तेवढंच तुझं.

पहिला धडा हाच: ज्या जागेत वाजणार तिथे जाऊन ऐकायचं. आणि मधे बसून ऐकू नकोस, शेवटच्या रांगेत पंख्याखाली बस. परीक्षक नेमके पंख्याखाली बसतात.

नवशिका_कान | 5 जुलै, सकाळी 8.02

वायडनर होतं. 🙈 मोनो केल्यावर अर्धा ड्रोन गेला.

सिंथ_सम्राट | 5 जुलै, सकाळी 10.40

ड्रोनला सॅच्युरेशन लाव, वरचे हार्मोनिक्स (मूळ सुराच्या पटीतले सूर) येतील, मग छोट्या स्पीकरवरही ऐकू येईल. सिंथ (इलेक्ट्रॉनिक सूर बनवायचं साधन) हवा असेल तर व्हायटल फुकट आहे आणि वेव्हटेबलसाठी उत्तम. बाकी महागडे प्लगइन... मित्राकडे असतातच, समजलं ना.

मॉन्ट्रियलकर | 5 जुलै, सकाळी 11.05

समजलं आणि पटलं नाही. विद्यार्थ्याला क्रॅक, म्हणजे चोरीचं सॉफ्टवेअर, लागतच नाही आता. रीपर (रेकॉर्डिंग-एडिटिंगचं सॉफ्टवेअर) 60 दिवस पूर्ण चालतं, त्यापुढचं साधं लायसन 60 डॉलरला आहे. ऑडॅसिटी फुकट. प्युअर डेटा फुकट, त्यात तर स्वतःचा सिंथ मुळापासून बांधता येतो, इंजिनियरिंगवाल्याला आवडेल. पाच आठवड्यांत तू एक सॉफ्टवेअर नीट शिकलास तरी पुष्कळ झालं.

सिंथ_सम्राट | 5 जुलै, सकाळी 11.12

डॉलरमध्ये पगार असला की नीतिमत्ता स्वस्त पडते दादा.

मॉन्ट्रियलकर | 5 जुलै, सकाळी 11.30

बरं. फुकटची नावं मी दोन सांगितली, ती वाच. मुद्दा सोडून पुढे जाऊ.

खर्ज | 5 जुलै, दुपारी 2.20

ते सॅच्युरेशन काय करतं ते सांगते, नाहीतर तो नुसतं बटण फिरवत बसेल.

तानपुऱ्याची खर्जाची तार घे. पुरुष गायकाचा सा काळी एकचा धरला तर खर्ज साधारण 70 हर्ट्झला येतो. मोबाइलच्या स्पीकरला 70 हर्ट्झ जमत नाही, त्याच्या जवळपासही नाही. तरीही मोबाइलवर तानपुऱ्याचं ॲप लावलं की खर्ज 'ऐकू' येतो ना? कारण 140, 210, 280, 350 अशी त्याची पिल्लं ऐकू येतात आणि त्यांच्यातल्या समान अंतरावरून मेंदू आईची जागा भरून काढतो. पाया नसताना पाया ऐकू येतो.

ही पिल्लं तानपुऱ्यात भरपूर असतात ती जवारीमुळे. घोडीचा सपाट माथा आणि तारेखालचा दोरा, यांच्यामुळे तार घोडीला घासत-सुटत थरथरते. सी. व्ही. रामन यांनी 1921 साली यावरच लिहिलं होतं. सॅच्युरेशन म्हणजे तुझ्या बिचाऱ्या साइन वेव्हला जवारी काढणं, एवढंच समज. शुद्ध साइन म्हणजे दोरा न घातलेला तानपुरा.

पण मला वेगळंच विचारायचंय. ड्रोन हवाय कशाला? विहीर भीतिदायक आहे का नाटकात?

नवशिका_कान | 5 जुलै, दुपारी 3.10

खर्जताई, जवारीचं उदाहरण वाचून उठून उभा राहिलो. रूममेटचं ॲप मोबाइलवर लावून पाहिलं, खरंच येतो खर्ज.

ड्रोन कशाला... प्रामाणिक उत्तर: सगळ्या एकांकिकांत असतो म्हणून.

करवंटी | 5 जुलै, रात्री 9.45

उत्तर प्रामाणिक आहे, म्हणून लिहायला बसलो. लांबेल.

आम्ही आकाशवाणीवर नभोनाट्यांना इफेक्ट्स द्यायचो. नावावरून ओळखलंच असेल, घोडा म्हणजे दोन करवंट्या. पण नवी पोरं करवंट्या एकमेकींवर आपटायची आणि वाजायचा टाळ. करवंटी आपटायची नसते, ठेवायची असते. आणि कशावर ठेवता यावर घोडा कुठे आहे ते ठरतं. वाळूचा ट्रे घेतला की नदीकाठ, फरशीवर वाड्याचा चौक, गोणपाटावर माळरान. विजेला पत्रा लोंबता धरून हलवायचा, पण पत्रा थांबवायचा नाही, त्याला स्वतःला थांबू द्यायचं. आगीला कडकडीत कागद माइकच्या अगदी जवळ चुरगाळायचा. पावसाला सुपात गहू फिरवायचे, आणि पाऊस कौलांवर पडायचा असेल तर तांदूळ. (तांदूळ नंतर घरी जायचे, पण तो वेगळा धागा.)

मला त्यातून कळलं ते असं. प्रत्येक आवाजात तीन गोष्टी ऐकू येतात: वस्तू कसली, ती कुणी किती जोराने हलवली, आणि हे कुठल्या जागेत घडलं. लायब्ररीतून तू पोहरा आणलास, त्यात या तिन्ही गोष्टी दुसऱ्याच कुणीतरी ठरवलेल्या आहेत. तुझ्या विहिरीवर पोहरा टाकणारी कोण आहे? म्हातारी का लेकुरवाळी? घाईत आहे का रोजचं काम म्हणून? ते आवाजात नसेल तर तू नुसतं लेबल लावलंस, 'इथे विहीर आहे' म्हणून.

गृहपाठ देतो, करायचा असेल तर कर. एक स्टीलचा डबा घे. एका दिवसात त्याच्यातून वीस आवाज काढ, रेकॉर्ड कर आणि मित्राला डोळे मिटून ऐकव. त्याला डबा ओळखू आला तर नापास. लिफ्ट, बैलगाडी, दात, काहीही वाटो. डबा वाटता कामा नये.

मॉन्ट्रियलकर | 6 जुलै, पहाटे 5.10

करवंटीकाकांना दंडवत. गेमच्या आवाजांचं काम करतो मी, आणि हा 'डबा' आजही नव्या मुलांना पहिल्या आठवड्यात देतो, फक्त काका वीस म्हणाले, आम्ही पन्नास सांगतो.

स्टार वॉर्समधली ती प्रकाशाची तलवार, 1977 ची, तिचा आवाज ध्वनिकार बेन बर्टने कशातून बनवला? फिल्म प्रोजेक्टरच्या मोटरची घरघर आणि टीव्हीच्या पिक्चर ट्यूबजवळ माइक गेला की येणारी गुणगुण. नंतर तो मिश्र आवाज स्पीकरवर लावून समोर माइक हवेत फिरवला, म्हणून तलवार फिरल्यासारखी वाटते. सिंथवर बसून हे सुचलं नसतं. कान आधी होता.

तांत्रिक दोन गोष्टी. एक, आवाज अर्ध्या वेगाने वाजवला की एक सप्तक खाली जातो आणि दुप्पट लांब होतो. डब्याच्या झाकणाचा देवळाचा दरवाजा होतो तो असा. पण 48 किलोहर्ट्झला (सेकंदाला 48 हजार नमुने) घेतलेल्या रेकॉर्डिंगमध्ये त्याच्या निम्म्यापर्यंतचेच, म्हणजे 24 हजार हर्ट्झपर्यंतचे सूर असतात; ते इतकं खाली आणलं की वरचा भाग 12 हजारांपाशी संपतो आणि आवाज मळकट वाटतो. म्हणून आम्ही 96 ला घेतो. मोबाइलच्या माइकला तेवढ्या उंचीवरचं तसंही ऐकू येत नसतं, त्यामुळे तुला फरक पडणार नाही.

दोन, मोबाइलवर घेत असशील तर आवाज आपोआप वर-खाली करणारी आणि नॉइज कापणारी सोय बंद करता येईल असं ॲप वापर, वेव फाइल घे, एमपी थ्री नको. नाहीतर हळू आवाज फुगतात, मोठे चेपतात, आणि काकांची दुसरी गोष्ट, म्हणजे जोर, तिथेच मरते.

रानवाट | 6 जुलै, सकाळी 6.50

'खेड्यातली रात्र' कुठल्या खेड्यातली आहे ते आधी तपासा, हात जोडून विनंती. मी पक्षी बघणारा माणूस. मागे एका नाटकात सातारा जिल्ह्यातल्या शेतावर अमेरिकेतला कोयोट ओरडत होता. आमच्या रांगेत चारजण हसलो, प्रसंग मरणाचा होता.

पावशा घ्या. 'पेरते व्हा, पेरते व्हा' लोकांना माहीत आहे, आणि पावसाच्या आधी तो दिवसाच काय, रात्रीसुद्धा ओरडतो. एकेक हाक वर चढत जाते आणि एकदम तुटते. तुमच्या चार उन्हाळ्यांना यापेक्षा चांगलं पार्श्वसंगीत मला तरी सुचत नाही.

तिसरी_घंटा | 6 जुलै, सकाळी 9.30

पावशा चौथ्या प्रवेशातही ठेव. पाऊस नाही, तो मात्र ओरडतोय.

खर्ज | 6 जुलै, सकाळी 9.41

अंगावर काटा. ड्रोन काढ रे.

पाणाडी | 6 जुलै, रात्री 8.15

सोलापूरकडचा आहे. नाटकातलं कळत नाही, विहिरीतलं कळतं.

पोहरा 'पडत' नाही. दोराला बांधलेला असतो, रहाटावरून सोडतात. पाण्यापर्यंत जायला किती वेळ लागतो ते सोडणाऱ्या हातावर आहे. पाणी खाली गेलं हे आम्हाला कसं कळतं? रहाट जास्त वेळ कुरकुरतो आणि दोराला गाठ मारून दुसरा तुकडा जोडावा लागतो. ती गाठ रहाटावरून जाताना 'टक' करते. आम्ही खोली मीटरमध्ये मोजत नाही, परसात मोजतो, एक परस म्हणजे साधारण पुरुषभर. आजी सांगायची, गाठ वाजली की समजायचं पाणी पाच परसाच्या खाली गेलं.

आणि पोरं काय करतात, तर खडा टाकून कान देतात. 'डुबुक' यायला किती वेळ लागतो त्यावरून पाणी. ते मात्र खरं पडणं.

नवशिका_कान | 6 जुलै, रात्री 8.58

पाणाडीदादा, तुम्ही अख्खी एकांकिका बदललीत.

लगेच गणित केलं. खडा पडायला लागणारा वेळ अधिक आवाज वर यायला लागणारा वेळ (सेकंदाला 343 मीटर). पाणी 4 मीटरवर असेल तर 0.9 सेकंद. 8 मीटरवर 1.3. 14 मीटरवर 1.7. आणि 18 मीटरवर कोरडा तळ असेल तर जवळपास 2 सेकंद.

दिग्दर्शिकेला फोन केला. आता दर प्रवेशाच्या सुरुवातीला धाकटी मुलगी विहिरीत एक खडा टाकते आणि ऐकते. बस. दुसरं काही नाही. ड्रोन काढला.

तिसरी_घंटा | 6 जुलै, रात्री 9.20

सुरेख. पण ऑपरेटर म्हणून सांगतो, 0.9 आणि 1.3 मधला फरक शेवटच्या रांगेतल्या माणसाला कळायचा नाही. मधे दहा मिनिटांचा प्रवेश होऊन गेलेला असतो, त्याच्या लक्षात काय राहणार? ताण. 1, पावणेदोन, अडीच, आणि शेवटी 4 सेकंद.

पाणाडी | 6 जुलै, रात्री 9.34

4 सेकंद म्हणजे 70 मीटर होतात, आत्ताच मोजलं. 70 मीटर विहीर आमच्या तालुक्यात नाही. तो बोअर झाला.

तिसरी_घंटा | 6 जुलै, रात्री 9.37

नाटकात आहे.

पाणाडी | 6 जुलै, रात्री 9.40

मग ज्यांना विहीर माहीत नाही त्यांच्यासाठीच नाटक करा.

करवंटी | 6 जुलै, रात्री 10.30

भांडू नका, दोघंही बरोबर आहात, आणि हे भांडण रेडिओवर रोज व्हायचं. निर्मात्याला खरा कुलपाचा आवाज नको असायचा, कारण खरं कुलूप फार बारीक वाजतं.

माझं मत सांगतो. पहिले तीन प्रवेश खरे ठेवा, हवं तर थोडे ताणून. पहिल्या प्रवेशात मुलीने दोन-तीनदा खडे टाकावेत, म्हणजे प्रेक्षकाच्या अंगात तो ठेका बसेल. ठेका बसला की मग चौथ्यात अर्धा सेकंद उशीर झाला तरी पोटात खड्डा पडतो. ताणायला सेकंद लागत नाहीत, सवय लागते. तबल्यावर सम येणार म्हणून मान हलवायला तयार असता आणि ती येत नाही, तेव्हा किती मात्रा गेल्या ते कोण मोजतं?

खर्ज | 6 जुलै, रात्री 10.44

काका 🙏

हेडफोनवाली | 7 जुलै, दुपारी 1.15

उशिरा येतेय, शूटवर होते. चित्रपटांत लोकेशन साउंडला असिस्टंट आहे.

कोर्सचं कुणीच बोललं नाही म्हणून. पुण्यातच एफटीआयआय (सरकारी फिल्म इन्स्टिट्यूट) आहे, 1960 पासून, प्रभात फिल्म कंपनीच्या जुन्या स्टुडिओच्या आवारात. तिथे साउंड रेकॉर्डिंग आणि साउंड डिझाइनचा पूर्णवेळ अभ्यासक्रम आहे, पदवीनंतरचा. कोलकात्याला सत्यजित राय यांच्या नावाची संस्था आहे, तिथेही. म्हणजे तुला घाई नाही, पदवी होऊ दे. तोवर एकांकिका हाच कोर्स. वर्षाला दोन केल्यास तरी तीन वर्षांत सहा होतात, आणि प्रत्येकीत एक चूक दिडशे लोकांसमोर होते, त्या फीमध्ये दुसरीकडे कुठे शिकवत नाहीत.

प्रभातचा विषय निघालाच आहे तर, 1937 चा 'कुंकू' कानांनी बघ. पार्श्वसंगीत न वापरता केलेला बोलपट आहे. भिंतीवरचं घड्याळ, ग्रामोफोन, घरातल्या वस्तू, जे काही ऐकू येतं ते त्या घरातलंच. 'साउंड डिझाइन' हा शब्द प्रचारात येण्याच्या कितीतरी आधी. तो शब्द रुळला 1979 च्या सुमारास, हॉलिवूडचा ध्वनिकार वॉल्टर मर्च याच्या कामानंतर.

आणि एक व्यावहारिक. तुझ्या खड्याच्या दोन सेकंदांत काय वाजणार आहे? 'काहीच नाही' असं म्हणू नकोस. स्पीकर अगदी बंद असेल तर हॉलचा एसी, खुर्च्या आणि कुणाचा तरी खोकला ऐकू येईल, आणि विहीर नाहीशी होईल. आम्ही प्रत्येक लोकेशनवर सगळ्यांना गप्प करून मिनिटभर नुसती खोली रेकॉर्ड करतो. तसा विहिरीचा श्वास रेकॉर्ड कर, काठावरून माइक आत सोडून. तो हळू आवाजात आधीपासून चालू ठेव. आणि तो मोठा कॅथेड्रल रिव्हर्ब काढ. विहीर अरुंद असते, भिंती जवळ, घुमणं छोटं आणि दाट. खऱ्या विहिरीवर जाऊन फुगा फोड, तो आवाज रेकॉर्ड कर. रीपरमध्ये रीव्हर्ब (ReaVerb) नावाचं प्लगइन येतं, त्यात ती फाइल घातलीस की कुठलाही आवाज त्या विहिरीत टाकता येतो. मुलीचा आवाजसुद्धा.

सिंथ_सम्राट | 7 जुलै, दुपारी 1.40

हे मस्त आहे. (आणि हे प्लगइन फुकटात येतं, मान्य.)

नवशिका_कान | 15 जुलै, रात्री 10.05

अपडेट. शनिवारी सासवडच्या पुढे मित्राच्या गावी गेलो. विहीर त्यांच्या चुलत्यांची. पिशवीत मोबाइल, दोन मोजे (माइकवर वाऱ्यासाठी), दहा फुगे.

पहिला खडा टाकला आणि आजोबा काठी घेऊन आले. "विहिरीत दगड टाकतात होय रे? प्यायचं पाणी आहे." खरंच आमच्या डोक्यात आलं नव्हतं. माफी मागितली, नाटकाचं सांगितलं. मग म्हणाले, शेजारच्या मळ्यात पडकी विहीर आहे, उपसत नाहीत, तिकडे टाका हवे तेवढे. आणि स्वतः आले सोबत. खडा कुठला घ्यायचा तेही त्यांनीच सांगितलं: चपटा नको, भिंतीला लागतो, गोल घ्या, सुपारीएवढा.

अडचण निघाली बेडकांची. पाऊस झालेला, बेडूक बेफाम. दुष्काळी एकांकिकेच्या रेकॉर्डिंगमध्ये बेडूक! दुपारी दोन ते तीन ते जरा गप्प बसले तेवढ्यात सगळं उरकलं. खड्याचे तेवीस आवाज घेतले, त्यातले चार चांगले आलेत. फुगे सहा फोडले. सातव्याला आजोबांनी विचारलं, वाढदिवस आहे का कुणाचा.

पाणी सहा मीटरवर असावं, कारण खडा सोडल्यापासून 1.1 सेकंदांनी 'डुबुक' येत होतं. म्हणजे गणित जमलं! घरी येऊन 'डुबुक' तेच ठेवलं आणि मधली शांतता कमी-जास्त केली. पण नुसती शांतता वाढवल्यावर फसवल्यासारखं वाटलं. का ते कळेना.

हेडफोनवाली | 15 जुलै, रात्री 10.50

कारण लांब गेलेला आवाज नुसता उशिरा येत नाही. तो बारीक होतो, त्याचा वरचा चकचकीत भाग कमी होतो, आणि थेट आवाजापेक्षा भिंतींवरून आलेला जास्त ऐकू येतो. प्रत्येक प्रवेशात 'डुबुक'चं वरचं टोक थोडं काप, थेट आवाज कमी कर, फुग्याच्या रिव्हर्बचं प्रमाण वाढव. व्हॉल्यूमला शेवटी हात लाव.

नवशिका_कान | 16 जुलै, रात्री 12.20

झालं!! पाणी खाली गेलं. रूममेटला अंधारात ऐकवलं, तो वाकून बघायला लागला.

आता चौथा प्रवेश. दिग्दर्शिकेला तिथे काहीच नकोय. मुलगी खडा टाकते, वाट बघते, आवाज येतच नाही, ब्लॅकआउट. मला ते फार काव्यात्म वाटतंय, पण काहीतरी खुपतंय.

पाणाडी | 16 जुलै, सकाळी 6.30

खुपणारच. खडा टाकल्यावर आवाज आलाच नाही अशी विहीर नसते. कोरड्या विहिरीत तळाचा दगड वाजतो. तो आवाज एकदा ऐकला की विसरत नाही माणूस.

तिसरी_घंटा | 16 जुलै, सकाळी 9.10

मी पाणाडींच्या बाजूने, मागच्या वेळी भांडलो तरी. आवाज आलाच नाही तर निम्म्या प्रेक्षकांना वाटेल ऑपरेटरने क्यू (आवाज लावायची ठरलेली जागा) चुकवला. आणि तुझी दिग्दर्शिका विचारेल, लावलंस का?

करवंटी | 16 जुलै, सकाळी 11.00

तळ पाहिजे. 'टक्'. एकच, कोरडा, छोटा. त्यावर रिव्हर्ब जवळजवळ नको. आणि 'टक्'नंतर पावशा चालू असेल तर तोही तोड.

खडा खडकावर पडल्याचा आवाज शोधत डोंगर चढू नकोस. पाट्यावर सुपारी टाकून बघ.

खर्ज | 16 जुलै, सकाळी 11.25

आणि तो 'टक्' पावशाच्या पट्टीत नको. पावशा वर चढतो, हा खाली हवा.

नवशिका_कान | 10 ऑगस्ट, रात्री 1.30

आत्ताच परतलो. निकाल उद्या आहे, पण तो सोडा.

शेवटी एकूण क्यू नऊ. मूळ यादीत एकेचाळीस होते. पाटा मिळाला हॉस्टेलच्या मेसमधल्या मावशींकडे, सुपारीही त्यांचीच. चौथ्यात अडीच सेकंद ठेवले, म्हणजे साधारण 28 मीटर. पाणाडीदादा, क्षमस्व, पण 70 तरी नाही.

मुलीने खडा सोडला, मी बोट बटणावर ठेवून तिच्या हाताकडे बघत होतो. अडीच सेकंद इतके लांब असतात हे मला माहीत नव्हतं. एसी बंद होता, पंखे चालू होते. मग 'टक्'. पावशा तुटला. आणि मागच्या रांगेत कुणीतरी 'च्' केलं. जिभेने करतात ना, तसं. रेकॉर्डर मागेच ठेवला होता, ते त्यात आलंय.

पाणाडी | 10 ऑगस्ट, सकाळी 6.05

28 चालेल.

करवंटी | 10 ऑगस्ट, सकाळी 6.40

त्या 'च्'ची वेव फाइल पाठव.